गायकाविना मेटल: गिटारचे वाद्य-अल्बम ऐकायला कुठून आणि कशी सुरुवात करावी

प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे जड गिटारच्या मेटल संगीतातला लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा प्रकार, ऐकणाऱ्याच्या घरात एक प्रश्न हमखास येतो: "अरे, गाणं सुरू कधी होणार?" चार मिनिटं झाली, पाच झाली, गिटार वाजतेच आहे, ड्रम थांबायचं नाव घेत नाहीत आणि गायकाचा पत्ता नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठीच हा लेख आहे. कॉलेजात असताना मेटॅलिका, आयर्न मेडन थोडंफार कानावर पडलेल्यांसाठी आहे, आणि मेटलचा एक सूरही न ऐकता दादर-पार्ल्याच्या बैठकींत सतार, संतूर, बासरी ऐकत आलेल्यांसाठीही आहे. माझ्या अनुभवात दुसऱ्या गटातले लोक या संगीतात लवकर रुळतात.

त्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे शब्दांवाचून तासभर संगीत ऐकण्याची सवय आधीपासून आहे. मुखडा पुन्हा कधी येतो याची वाट बघायची, समेवर मान हलवायची, सात किंवा दहा मात्रांचं आवर्तन बिचकल्याशिवाय ऐकायचं, हे सगळं लहानपणापासून कानात असतं. गिटारच्या या अल्बमना श्रोत्याकडून नेमकं हेच हवं असतं. एक फरक मात्र आधीच सांगतो. बैठकीत राग समोर बसून वाढवला जातो. इथे बहुतेक सूर आधी बांधलेले, घोटलेले आणि मग ध्वनिमुद्रित केलेले असतात. मजा आहे ती बांधणीची. एखादी धून पहिल्या मिनिटाला साध्या रूपात येते, चौथ्या मिनिटाला वेगळ्या तालावर, वेगळ्या स्वरसाथीवर बसून परत येते आणि आपल्याला ती ओळखू येते. या संगीताची सगळी ओढ त्या ओळखीत आहे, असं मला वाटतं.

वेगाबद्दलही आत्ताच बोलून टाकू. नवीन माणसाला कुणीतरी आधी बोटांची कसरत दाखवतो, "बघ किती फास्ट वाजवतोय", आणि तिथेच घोळ होतो. वेग हा या संगीतातला सगळ्यात लवकर शिळा होणारा भाग आहे. दोन मिनिटं तोंडात बोट जातं, मग कंटाळा येतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मी सर्वात वेगवान अल्बम मुद्दाम मागे ठेवले आहेत.

पायरी १: आधी कानाची सोय करा

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. ही हौशी माणसाची नखरेबाजी नाही, साधं भौतिकशास्त्र आहे. नेहमीच्या सहा तारांच्या गिटारची सर्वात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. या प्रकारात सात आणि आठ तारांच्या गिटार सर्रास वापरतात, आणि आठवी तार ४६ हर्ट्झपर्यंत खाली जाते. काही वादक ती आणखी उतरवून ४१ हर्ट्झवर लावतात; म्हणजे बेस गिटारची खर्जातली तार जिथे असते तिथेच. मोबाइलचा इवलासा स्पीकर एवढ्या खालचे सूर देऊच शकत नाही. मग जे कानावर पडतं ते अर्धंच संगीत असतं, वरची किरकिर तेवढी उरते, आणि लोक म्हणतात, "नुसता गोंगाट आहे."

कान झाकणारे साधे वायरवाले हेडफोन पुरेसे आहेत. फार महाग घ्यायची गरज नाही. वन-आर-केमध्ये राहणाऱ्याला तसाही दुसरा मार्ग नसतो.

जागेचं म्हणाल तर मुंबईत एक मोह सगळ्यांना होतो: प्रवासात ऐकू. बोरिवली ते चर्चगेट धीम्या लोकलने तासाभराचा प्रवास, त्यात एक अल्बम आरामात बसतो. पण डब्याचा खडखडाट नेमका खालच्या सुरांना गिळतो, आणि मग आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी आहे. आवाज त्याच्यावर गेला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. त्यामुळे पहिली भेट घरी, रात्री, जेवणं उरकल्यावर. ओळख झाली की तोच अल्बम लोकलमध्ये बेताच्या आवाजात ऐका. जे ऐकू येत नाही ते तेव्हा मन भरून काढतं. आणि फलाटावर उतरताना, रूळ ओलांडणाऱ्या पुलापाशी, रस्त्यावर हेडफोन गळ्यात.

आणखी दोन छोट्या गोष्टी. अ‍ॅपमधलं शफल बंद करा, आणि दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणारी क्रॉसफेडची सोयही बंद करा. हे अल्बम क्रमाने ऐकण्यासाठी केलेले असतात, आणि बऱ्याचदा एका रचनेचा शेवट पुढचीची तयारी करत असतो. फुकटच्या अ‍ॅपवर मध्येच जाहिरात घुसते, तेव्हा शक्य असेल तर बँडकॅम्प या संकेतस्थळावर ऐका. या प्रकारातले कितीतरी कलावंत तिथे आपले अल्बम स्वतः ठेवतात, आणि विकत घेण्याआधी तिथेच ऐकताही येतात.

पायरी २: अल्बमच्या आधी दोन रचना

थेट अल्बमवर उडी मारण्याआधी दोन जुन्या रचना ऐका. दोन्ही रचना गायक असलेल्या बँडच्या आहेत, पण दोन्हींत गायक गप्प आहे.

पहिली मेटॅलिकाची 'ओरायन', १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या अल्बममधली. साडेआठ मिनिटांच्या आसपास आहे. सुरुवात दुरून जवळ येत जाते, मग जड रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), मग दोन गिटार जोडीने गातात. साधारण मध्यावर सगळं ओसरतं आणि एकटा बेस उरतो, सहा-सहाच्या झुलत्या लयीत. दादरा कानात असलेल्या माणसाचं डोकं इथे आपोआप डोलायला लागतं. त्या बेसवर हळूहळू एकेक वाद्य चढतं, आणि मेटल म्हणजे नुसता राग आणि आरडाओरडा हा समज या तीन-चार मिनिटांत गळून पडतो. बेस वाजवणारा क्लिफ बर्टन त्याच वर्षी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. १९८६ हे वर्ष मुंबईकरांच्याही लक्षात राहण्यासारखं आहे: धोबी तलावाजवळच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव त्याच वर्षी सुरू झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं या शहरातली रॉकवेडी पोरं त्या उघड्या प्रेक्षागारात जमत राहिली.

दुसरी कॅनडाच्या रश या त्रिकुटाची 'वायवायझेड', १९८१ची. हे टोरोंटोच्या विमानतळाचं सांकेतिक नाव. रचनेची सुरुवात त्या तीन अक्षरांच्या मोर्स संदेशावर बांधली आहे. छोट्या झांजांवर तो ठेका ऐकू येतो, मग तोच गिटार आणि बेस उचलतात. हा ठेका हाताशी धरून बघण्यासारखा आहे. मोर्समध्ये 'वाय' म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब, आणि 'झेड' म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांबला दोन आणि आखूडला एक असं मोजा. पहिल्या वायचे सात, दुसऱ्याचे सात, झेडचे सहा. एकूण वीस. म्हणजे झपतालाच्या दहा मात्रा दुगुणीत. आतली विभागणी झपतालाची नाही, त्यामुळे 'धी ना, धी धी ना' म्हणून ठेका जुळवायला जाल तर अडखळाल. पण आवर्तन नेमकं तेवढंच लांब आहे. बोटांवर दहा मोजत चार-पाच वेळा ऐका. समेवर हात पडायला लागला की कसं वाटतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पायरी ३: पहिला अल्बम, तीन वेळा

आता अल्बम. माझी शिफारस ठाम आहे: प्लिनी या सिडनीच्या गिटारवादकाचा २०१६चा 'हँडमेड सिटीज'. अर्ध्या तासाच्या आसपासचा, कुठल्याही रेकॉर्ड कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःच काढलेला. बेसवर सायमन ग्रोव्ह, ड्रमवर ट्रॉय राइट. कट्टर मेटलवाले म्हणतील की हा फार गोड आहे, यात जाझ जास्त आहे. खरंय ते, आणि म्हणूनच नवीन माणसाला तो द्यायचा. प्लिनीची गिटार गाते. स्वर कुठे धरून ठेवायचा, कुठे घसरत आणायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे त्याला चांगल्या गायकासारखं कळतं. मीड, खटका, मुरकी ऐकण्याची सवय असलेल्या कानाला त्याच्या तार ताणण्यातल्या बारीकसारीक जागा लगेच दिसतील.

हा अल्बम तीन वेळा ऐका, वेगवेगळ्या दिवशी. पहिल्यांदा काहीच करू नका, नुसतं पडून ऐका. काही सुटलं तर सुटू द्या.

दुसऱ्यांदा फक्त धुनेच्या मागे जा. प्रत्येक रचनेत एक मुख्य धून असते. ती गुणगुणता आली पाहिजे. गुणगुणायला लागलात की ती परत कधी येते, आणि परत येताना तिच्याखाली काय बदललं, याकडे कान द्या. कधी खालचे स्वर बदललेले असतात, त्यामुळे तीच धून आनंदाऐवजी हुरहूर लावते. कधी ड्रम अर्ध्या लयीत गेलेले असतात आणि तीच धून अचानक मोठी, रुंद वाटते. हे एकदा पकडता आलं की सहा मिनिटांच्या रचनेत "हरवल्यासारखं" वाटत नाही.

तिसऱ्यांदा गिटार सोडून द्या आणि बेस व ड्रम ऐका. हे अवघड जातं, कारण कान पुन्हा पुन्हा गिटारकडे धावतो. पण साथीदारांशिवाय ही घरं उभी राहत नाहीत.

प्लिनी आवडला तर त्याच्याच वळणाचा 'द शेप ऑफ कलर', २०१५चा. टोरोंटोच्या अ‍ॅरन मार्शलच्या 'इंटरव्हल्स' या प्रकल्पाचा अल्बम. यात गंमत अशी की आधीचा अल्बम त्यांनी गायक घेऊन केला होता. इथे गायक गेला आणि संगीत जास्त मोकळं झालं. ह्यूस्टनच्या 'स्केल द समिट'चा २०१३चा 'द मायग्रेशन' जरा शांत, निसर्गात फिरायला नेणारा आहे. पावसाळ्यात तो मला फार जवळचा वाटतो.

पायरी ४: हाताने चार, तोंडाने पाच

इथे थोडा वेळ थांबा, कारण पुढच्या अल्बमांचं कुलूप याच किल्लीने उघडतं.

या संगीतात पुष्कळदा असं होतं की ड्रमवाल्याची झांज सरळ चार मोजत असते, आणि गिटार मात्र पाच, सात किंवा आणखी विचित्र लांबीची आकृती पुन्हा पुन्हा वाजवत असते. दोघं एकत्र निघतात, लगेच फाकतात, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा समेवर भेटतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की ताल चुकला. चुकलेला नसतो. आड-कुआड लयकारी आणि तिहाई ऐकलेल्या माणसाला तर हे खेळ नवे नाहीत.

घरी करून बघा. हाताने मांडीवर सरळ चार-चारचा ठेका धरा. प्रत्येक टाळीत चार अक्षरं बसतील अशा गतीने तोंडाने 'तकतकिट, तकतकिट' म्हणत राहा. 'तकतकिट'ची अक्षरं पाच. चार टाळ्यांच्या एका आवर्तनात सोळा अक्षरं मावतात, त्यामुळे तुमचं 'तकतकिट' दरवेळी वेगळ्या जागी पडेल. सहाव्या टाळीला शब्दाची सुरुवात टाळीवर येईल, पण ती सम नव्हे. खरी सम गाठायला 'तकतकिट' सोळा वेळा म्हणावं लागतं. हाताची पाच आवर्तनं पूर्ण होतात आणि दोघं एकत्र उतरतात. आधी अगदी विलंबित करा. जीभ वळत नसेल तर तीन अक्षरांचं 'तकिट' घ्या, ते तीन आवर्तनांत जुळतं.

हे जमलं की स्वीडनच्या 'मेशुगा' बँडचं काहीही ऐका. त्यांच्याकडे गायक आहे, त्यामुळे ते या लेखाच्या विषयात बसत नाहीत, पण आजच्या बहुतेक वाद्य-मेटलचा ठेका त्यांच्याकडून आला आहे. १९९५चा 'डिस्ट्रॉय इरेझ इम्प्रूव्ह' आणि २००८चा 'ऑब्झेन' हे दोन महत्त्वाचे. त्यांची एक सवय लक्षात ठेवा: विषम आकृती फिरवत फिरवत चार किंवा आठ आवर्तनं झाली की ते ती मध्येच कापतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तो कापलेला तुकडा ऐकू आला की समजा, तुमचा कान तयार झाला. ऐकताना मान झांजेबरोबर हलू द्या. गिटारबरोबर हलवायला गेलात तर मान दुखेल आणि ताल हातातून जाईल.

पायरी ५: आठ तारांचा दरवाजा

आता 'अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स'. या प्रकाराचं आजचं रूप एका नावावर टाकायचं झालं तर मी टोसिन अबासीचं नाव घेईन. वॉशिंग्टन डीसीकडच्या या गिटारवादकाचा हा बँड. २००९ साली त्याने बँडच्याच नावाचा पहिला अल्बम काढला. त्यातले ड्रम कुणी बसून वाजवलेलेच नाहीत. 'पेरिफेरी' बँडच्या मिशा मन्सूरने ते संगणकावर रचले. आज ऐकताना त्या ड्रममधला कोरडेपणा जाणवतो, पण एका खोलीत, संगणकासमोर बसून असा अल्बम होऊ शकतो हे त्याने दाखवलं आणि जगभरच्या खोल्यांमधली पोरं कामाला लागली.

मात्र सुरुवात त्या अल्बमने करू नका. २०१४चा 'द जॉय ऑफ मोशन' आधी घ्या. तोवर मॅट गार्स्का हा ड्रमवादक आला होता, आणि हाडामांसाच्या माणसाने ते गुंतागुंतीचे ठेके वाजवल्यावर संगीताला लवचिकपणा आला. 'फिजिकल एज्युकेशन' ऐका. त्यात पाय थिरकतो. 'पारा मेशेर' नायलॉनच्या तारांवर आहे, लॅटिन अमेरिकी चालीचं. मेटलच्या अल्बमच्या मधोमध अशी झुळूक येते.

यांच्याकडे बेस गिटारवादक नाही. अबासी आणि दुसरा गिटारवादक हाविएर रेयेस हे दोघे आठ तारांवर बेसचंही काम भागवतात. जाड तारेवर अंगठा आपटून, लगेच उलट्या बाजूने उचलून अबासी जो ठोका काढतो ते तंत्र मुळात बेस गिटारवरचं. कान देऊन ऐकलंत तर जाड तारेचा ठोका आणि पायाने वाजणारा मोठा ड्रम एकाच क्षणी पडतात. गणपतीच्या मिरवणुकीत ताशाच्या बारीक तडतडीखाली ढोलाचा ठोका छातीत बसतो ना, तशी वरची झांज आणि खालचा हा जोडठोका. मेटलचा जडपणा वाटतो तो आवाज मोठा असल्यामुळे कमी, आणि ठोका एकत्र व नेमका पडल्यामुळे जास्त. उजव्या हाताचा तळवा तारांच्या मुळाशी हलकेच टेकवून वादक तो सूर लगेच दाबतो. दोन ठोक्यांच्या मधली शांतता त्या तळव्याने तयार होते, आणि ती शांतता जितकी स्वच्छ तितका पुढचा ठोका जड.

'द जॉय ऑफ मोशन' अंगवळणी पडला की मग मागे २००९कडे जा, पुढे २०२२च्या 'परेसिया'कडे जा.

पायरी ६: थोडं मागे वळून

इतिहास सगळा वाचत बसायची गरज नाही, चार खुणा पुरेत.

१९८७ साली जो सॅट्रियानीने 'सर्फिंग विथ द एलियन' काढला आणि गायकाशिवायचा गिटारचा अल्बम लाखोंनी खपू शकतो हे सिद्ध झालं. तो मेटल नाही, रॉक आहे. सॅट्रियानी मूळचा शिक्षक. मेटॅलिकाचा कर्क हॅमेट आणि स्टीव्ह वाय हे दोघे त्याचे विद्यार्थी. वायचा १९९०चा 'पॅशन अँड वॉरफेअर' जास्त विक्षिप्त आणि मला जास्त प्रिय. पुढे त्याच वायने 'जनरेशन अ‍ॅक्स' या दौऱ्यात अबासीला आपल्या शेजारी उभं केलं, म्हणजे धागा सलग आहे.

मग 'लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट'. ड्रीम थिएटर या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचे जॉन पेट्रुची आणि माइक पोर्टनॉय, कीबोर्डवर जॉर्डन रुडेस, बेसवर टोनी लेव्हिन. १९९८, १९९९ आणि थेट २०२१ असे तीन अल्बम. दुसऱ्या अल्बमच्या वेळी रुडेसला बायकोच्या बाळंतपणासाठी अर्ध्यातून निघावं लागलं, आणि उरलेले तिघे वाजवत राहिले. १९९९मध्येच रुडेस ड्रीम थिएटरमध्ये दाखल झाला, आणि त्यांच्या त्याच वर्षीच्या अल्बममध्ये 'द डान्स ऑफ इटर्निटी' ही रचना आहे. सहा-सव्वासहा मिनिटांत तालाची मोजणी शंभराहून जास्त वेळा बदलते. ती मोजू नका, पहिल्या सहा महिन्यांत तरी.

आणि एक खूण आपल्या अंगणातली. या सगळ्या विषम तालांच्या वेडामागे जॉन मॅक्लॉफ्लिन या गिटारवादकाचा मोठा हात आहे. त्याच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचा १९७१चा 'द इनर माउंटिंग फ्लेम' ऐका, मग झाकीर हुसेन यांच्याबरोबरची 'शक्ती'. 'रिमेंबर शक्ती'चा 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' तर याच शहरात ध्वनिमुद्रित झाला. त्यात मेटल कणभरही नाही. पण गिटार आणि तबला एकमेकांना आकृती देत-घेत समेवर कसे उतरतात ते तिथे ऐकून मग 'अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स'कडे परत जाणारा माणूस वेगळ्याच कानाने ऐकतो.

पायरी ७: आपल्याकडचं

भारतात या प्रकाराचं काम झालेलं आहे आणि ते बाहेरच्यांच्या तोडीचं आहे. गुवाहाटीच्या विशाल सिंगच्या 'अमोघ सिंफनी'चा २०१०चा 'द क्वांटम हॅक कोड' हा वाद्य-प्रोग्रेसिव्ह मेटलचा भारतातला महत्त्वाचा अल्बम. तो घनदाट आहे, पहिल्या पायरीचा नाही. पाचवी पायरी झाल्यावर घ्या. दिल्लीच्या केशव धरने एकट्याने संगीत रचायला सुरुवात केली आणि त्यातून 'स्कायहार्बर' हा बँड उभा राहिला. २०१२च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर गायक आहेत, पण गिटारकाम ऐकण्यासाठी तरी तो ऐकाच; मेगाडेथ या बँडमध्ये वाजवलेला गिटारवादक मार्टी फ्रीडमन त्यात पाहुणा म्हणून आला आहे.

मुंबईचा मेटल मुख्यतः गायकांचा आणि गर्जनांचा. डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, झिग्नेमा ही नावं इथलीच. वाद्य-मेटल इथे आडवळणाने भेटतो, एखाद्या बँडच्या कार्यक्रमात मध्येच वाजणाऱ्या एखाद्या रचनेत, किंवा दुपारी लवकर मंचावर येणाऱ्या पोरांच्या त्रिकुटात.

पायरी ८: जड अल्बम, ज्यांना हवेत त्यांच्यासाठी

इथवर येऊन "अजून जड काही?" असं वाटत असेल तर २०१४चा 'काँकरिंग डिस्टोपिया', जेफ लूमिस आणि कीथ मेरो या दोन गिटारवादकांचा. बेसवर कॅनिबल कॉर्प्स या बँडचा अ‍ॅलेक्स वेबस्टर. तोच वेबस्टर रॉन जार्झॉम्बेकच्या 'ब्लॉटेड सायन्स'मध्येही आहे. त्यांचा २००७चा 'द मशिनेशन्स ऑफ डिमेन्शिया' हा मी ऐकलेल्यांतला सर्वात कडक अल्बम. त्यात बाराही स्वर समान मानून रचना केली आहे, षड्जाचा आधारच काढून घेतलेला. आपल्या कानाला हे जड जातं, कारण तानपुरा आपल्या डोक्यात सतत चालू असतो. नाही आवडला तर सोडून द्या. या प्रकारात सगळंच आवडलं पाहिजे असा कुठे नियम आहे?

याउलट हलक्या, आजच्या पॉप आणि हिपहॉपच्या अंगाने जाणारं हवं असेल तर टेक्सासचा 'पॉलीफिया'. घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला बहुधा तो माहीत असेल. त्याच्याशी बोलायला ही चांगली सुरुवात आहे.

पायरी ९: प्रत्यक्ष ऐकायला जा

रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडलं, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ला मिटलं. तिथे तासन्‌तास कॅसेट आणि सीडी चाळत उभं राहण्याची जागा गेली, आणि ती भरून निघालेली नाही, असं मला मनापासून वाटतं. तरी शहरात ऐकायला मिळतं. लोअर परळच्या गिरणी आवारांत छोट्या क्लबमधून कार्यक्रम होत असतात. पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो या महोत्सवात डिसेंबरात लाइव्हवायर ही बँडची स्पर्धा असते, आणि तिथे वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या हातात सात तारांच्या गिटार दिसतात. धोबी तलावाच्या जेर महालातल्या फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात एकदा नुसतं जाऊन या. सात तारांची गिटार हातात धरून बघा, मानेची रुंदी तळव्याला कळली की अल्बममधलं अंतर जाणवायला लागतं. विकत घेतलीच पाहिजे असं काही नाही.

कार्यक्रमाला जाताना कानात घालायचे साधे फोमचे बोळे खिशात ठेवा. औषधांच्या दुकानात मिळतात. आवाज थोडा कमी झाला तरी काही बिघडत नाही, उलट ठोके जास्त स्वच्छ ऐकू येतात. मंचाला चिकटून उभे राहू नका. तिथे फक्त एका गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर ऐकू येतो. ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस जिथे बसतो त्याच्या पुढ्यात उभे राहा, कारण तो सगळा मेळ तिथे बसून जुळवत असतो. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

आणि वाजवून खाली उतरलेल्या वादकाशी बोला. छोट्या जागेत ते सहज भेटतात. कुठली तार कुठे लावली होती, मधला तो ठेका किती मात्रांचा होता, एवढं विचारलंत तरी तो दहा मिनिटं मनापासून बोलेल, आणि बहुधा जाता जाता ऐकण्यासारख्या आणखी चार अल्बमांची नावं सांगेल. ती मोबाइलमध्ये लिहून घ्या.